दोन शनिवार आणि एक व्हिसा

आईबापापासून लेकरू तुटणं बीड जिल्ह्याला नवं नाही. दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यामागे राहतात ती शाळेतली पोरं, आजीच्या भरवशावर नाहीतर हंगामी वसतिगृहात. पाच-सहा महिन्यांनी कारखान्याचा पट्टा पडतो तेव्हा घराचं कुलूप निघतं. हे वाईटच आहे, त्याचं समर्थन मी करत नाही. पण एक फरक बघा. कोल्हापूरच्या फडातून मधेच गावाकडे यायचं तर बापाला मुकादमाची उचल आडवी येते. सरकार आडवं येत नाही. आपल्या लेकराला बघायला त्याला कुणाचा शिक्का लागत नाही. भारतीय जोडीदाराशी घटस्फोट झालेल्या परदेशी आईचं किंवा बापाचं तसं नाही. तिथं लेकरू किती कोसांवर आहे हे कुणी विचारत नाही, मुक्कामाची मुदत कधी संपते एवढंच विचारतात. माझं म्हणणं असं की आपण हा परवाना चुकीच्या खुंटीला बांधला आहे. तो लग्नाला बांधलेला आहे, आणि लग्न ही मोडू शकणारी गोष्ट आहे. तो लेकराला बांधायला हवा.

कायद्याची बांधणीच तशी आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ७-अ प्रमाणे भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला, लग्नाची नोंद होऊन ते सलग दोन वर्षं टिकलं असेल तर, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळू शकतं. कार्ड हातात असलं की आयुष्यभर येणंजाणं मोकळं. पोलिसांकडे नोंद नको, दरवर्षीची मुदतवाढ नको. पण त्याच कायद्यातलं ७-ड म्हणतं की न्यायालयानं ते लग्न मोडलं तर सरकार कार्ड रद्द करू शकतं. २०१९ च्या दुरुस्तीनं रद्द करण्याआधी म्हणणं मांडायची संधी दिली, हे मान्य. मात्र मांडायचं काय? त्या पोटकलमात लेकराचा शब्दसुद्धा नाही. गंमत अशी की आई किंवा बाप भारतीय आहे एवढ्यावर परदेशी नागरिकत्वाच्या अल्पवयीन लेकराला कार्ड मिळू शकतं. लेकरू भारतीय आहे म्हणून त्याच्या आईला मात्र मिळत नाही. एकच नातं, पण कायदा ते वरून खाली मोजतो, खालून वर मोजत नाही. कार्ड नसेल तर एंट्री व्हिसा, ज्याला सगळे एक्स व्हिसा म्हणतात. मुदतवाढीला विवाह प्रमाणपत्र लागतं, भारतीय जोडीदाराचे कागद लागतात. नांदत्या घरात हे कागद कपाटात पडून असतात. भांडण पेटलं की तेच कागद हत्यार होतात, कारण ते न देणं पुरेसं असतं. मारहाण करावी लागत नाही की शिवी द्यावी लागत नाही.

आता हे बीडमध्ये आणून बघू. पालक आणि पाल्य कायदा, १८९० चं कलम ९ सांगतं की ताब्याचा दावा लेकरू नेहमी जिथं राहतं तिथल्या न्यायालयात चालतो. म्हणजे लेकरू केजला किंवा आष्टीला आजीआजोबांकडे असेल तर परदेशी आईला बीड जिल्ह्यातच उभं राहावं लागणार आणि अपिलाला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावं लागणार. दुसरीकडे जिल्ह्यातले परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. अर्ज ऑनलाइन झाला तरी फाईल तिथंच येते. न्यायालय आणि अधीक्षक कार्यालय एकाच शहरात. पण भेटीचा हुकूम व्हिसाच्या फायलीला आपोआप बांधत नाही. एक म्हणतं भेट, दुसरं म्हणतं निघ.

समजा हुकूम असा झाला: महिन्यातले दोन शनिवार, अकरा ते चार, न्यायालयाच्या आवारात. वर्षाचे चोवीस शनिवार झाले. आई तीस दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर आली तर त्यातले दोन पदरात पडतात. वर्षाचा किंवा पाच वर्षांचा व्हिसा घेतला तरी एका कॅलेंडर वर्षात एकशे ऐंशी दिवसांवर राहता येत नाही, म्हणजे चोवीसाचे बारा झाले. तेही मुंबई-पुण्याला उतरून, एसटीनं किंवा भाड्याच्या गाडीनं बीड गाठून. या व्हिसावर नोकरी करायची नाही, तेव्हा सहा महिने खायचं काय हा प्रश्न वेगळाच. लॉजवर उतरली तर मालकानं चोवीस तासांत तिच्या मुक्कामाची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची; तो व्याप टाळायला ‘खोली शिल्लक नाही’ म्हणणं कुणालाही सोपं. या सगळ्यातून जो बाराचा आकडा उरतो त्याचा खरा घात पुढं होतो. चार वर्षांच्या पोराला सहा महिन्यांनी दिसलेली आई ओळखीची वाटत नाही. ते आजीच्या पदराआड लपतं, रडतं, जवळ जात नाही. आणि हेच रडणं पुढच्या तारखेला पुरावा म्हणून उभं राहतं, की लेकरू आईकडे जायला राजी नाही. व्हिसाच्या मुदतीनं पाडलेली फट न्यायालयाच्या कागदावर आईची कमतरता म्हणून नोंदली जाते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत अन्यायाची जागा हीच आहे, आणि ती कुठल्याही एका कलमात सापडत नाही.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: परदेशी माणसाला भारतात राहण्याचा हक्कच नाही. कायद्यानं हे खरं आहे. हान्स म्युलर प्रकरणात १९५५ साली आणि लुई डी राएट प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलं. राज्यघटनेच्या कलम २१ चं संरक्षण परदेशी माणसालाही आहे, पण देशात वास्तव्य करण्याचा कलम १९ मधला हक्क फक्त नागरिकाचा. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा आला, तरी ही चौकट तीच राहिली. मी या चौकटीशी भांडत नाही. मी एवढंच विचारतो की या खटल्यात नागरिक कोण आहे? लेकरू आहे. १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम ९ म्हणतं की आईबापापैकी एकापासून दुरावलेल्या मुलाला, त्याच्या हिताच्या आड येत नसेल तर, त्या पालकाशी नियमित आणि प्रत्यक्ष संबंध ठेवण्याचा हक्क आहे. भारतानं हा करार डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. तेव्हा मागणी परदेशी माणसासाठी नाहीच. आपल्याच एका लहान नागरिकासाठी आहे, ज्याला अर्ज लिहिता येत नाही.

युरोपातल्या मानवी हक्क न्यायालयानं हा गुंता १९८८ मध्येच सोडवला. बेरेहाब हा मोरोक्कोचा माणूस, बायको डच. १९७९ मध्ये घटस्फोट झाला, त्याच वर्षी मुलगी झाली. संसार संपला म्हणून नेदरलँड्सनं त्याचा परवाना वाढवला नाही आणि १९८४ मध्ये त्याला देशाबाहेर घातलं. हा बाप मुलीला आठवड्यातून चार वेळा, काही तास भेटत होता. न्यायालयानं लग्न शिल्लक आहे का हे बघितलं नाही, भेटी चालू होत्या का हे बघितलं, आणि कौटुंबिक जीवनाचा हक्क मोडला गेला असा निकाल दिला. परकीयांच्या बाबतीत फार मोकळ्या हाताचा म्हणून ओळखला न जाणारा जपानसुद्धा १९९६ पासून, घटस्फोटानंतर जपानी लेकराला खरोखर वाढवणाऱ्या परदेशी पालकाला दीर्घ वास्तव्याचा परवाना देत आला आहे. मग खोट्या लग्नांचा आक्षेप येतो: लेकरू दाखवून मुक्काम मिळवतील. पण नीट बघा, आजचीच व्यवस्था फसवायला सोपी आहे. लग्न कागदावर उभं करता येतं आणि कागदावरच टिकवताही येतं. चोवीस शनिवारांची हजेरी, पोटगीच्या पावत्या, शाळेच्या पालकसभेची सही, हे वर्षानुवर्षं खोटं करणं फार अवघड.

सर्वांत जड आक्षेप पळवून नेण्याचा आहे, आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. २०२५ मध्ये एका रशियन आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं आईबाप दोघांना आठवड्याचे दिवस वाटून दिले होते, तिचा व्हिसा वेळोवेळी वाढवायला लावला होता. तरी जुलैमध्ये ती मुलाला घेऊन नेपाळमार्गे देशाबाहेर गेली. वडिलांच्या वाट्याला काय आलं असेल ते सांगायला नको. पण यातून निघतं काय? व्हिसाचं काम देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तारखेगणिक करावं लागलं, कारण त्यासाठी वेगळी वाट नव्हती. आणि अडवायला हवं होतं ते लेकराच्या पासपोर्टवर आणि सीमेवर. पासपोर्ट न्यायालयात जमा करणं, लुकआऊट नोटीस काढणं ही साधनं त्यासाठीच आहेत. पळून जाणारा पालक परदेशीच असतो असंही नाही. पळवून नेलेली मुलं परत पाठवण्याच्या १९८० च्या हेग करारात भारत अजून नाही. कायदा आयोगानं २०१६ मध्ये अनुकूल अहवाल दिला, न्यायमूर्ती बिंदल समितीनं २०१८ मध्ये उलट मत दिलं. सासरच्या जाचातून लेकरू घेऊन माहेरी आलेल्या आपल्या मुलींचं काय, ही चिंता त्यामागे होती, आणि ती खोटी नाही. व्हिडिओ कॉल आहे की, असंही कुणी म्हणेल. यशिता साहू प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फोन आणि व्हिडिओवरच्या संपर्काचं महत्त्व सांगितलं ते भेटीच्या हक्काबरोबर, भेटीऐवजी नव्हे.

राहिला शेवटचा प्रश्न, जो इथं पारावर कुणीही विचारेल: असे परदेशी आईबाप बीडमध्ये आहेत तरी किती? थोडेच असतील. पण हीच गोष्ट उलटी करून बघा, मग ती आपल्या घरात येते. मराठवाड्यातून संगणकाचं शिक्षण घेऊन अमेरिकेला गेलेल्या मुलांच्या बायका एच-४ व्हिसावर जातात. तो व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाची शेपटी आहे. घटस्फोटाचा हुकूम झाला की तिच्या मुक्कामाचा आधार जातो. त्याआधी दुसरा व्हिसा जमवला नाही तर तिला निघावं लागतं. लेकरू तिथं जन्मलेलं, अमेरिकन नागरिक. तिथल्या न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याला सोबत आणता येत नाही. आणलं तर अमेरिकेच्या लेखी ते अपहरण. त्या लेकरानं आईसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करायचा तर त्याला एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तीन वर्षांच्या लेकराच्या आईनं अठरा वर्षं वाट बघायची. तिथं आपली लेक परदेशी आई आहे. तिच्यासाठी जे मागावंसं वाटतं, ते इथल्या परदेशी आईला नाकारायचं कोणत्या तोंडानं?

नवा कायदा होईल तेव्हा होईल. ७-ड मध्ये ‘भारतीय लेकराचा ताबा किंवा भेटीचा हक्क असलेल्या पालकाखेरीज’ एवढी पुस्ती जोडायला संसदेला फार शाई लागणार नाही. तोवर जिल्ह्यातल्या वकील मंडळींना एक विनंती. अशा दाव्यात भेटीचे दिवस मागताना तेवढेच मागून थांबू नका. त्या दिवसांपुरता मुक्काम मिळावा म्हणून हुकुमाची प्रत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवण्याचा निर्देश त्याच अर्जात मागा, आणि लेकराचा पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याची तयारीही त्याच अर्जात लिहून द्या.