नावात घुसलेला 'क'

परवा ऑफिसात एक म्हातारे गृहस्थ आले होते. जुन्या पोर्तुगीज दाखल्यात त्यांचं आडनाव 'पोरोबो', नव्या कागदांवर 'प्रभू'. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र आणा, असं मी नियमाप्रमाणे सांगितलं. ते म्हणाले, "अहो, आम्ही नाव बदललंच नाही. लिहिणाऱ्यानं बदललं." ते वाक्य माझ्याबरोबर घरापर्यंत आलं.

कारण हल्ली मी स्लाव्ह लोकांच्या नावाविषयी वाचतोय. रशियन, पोलिश, झेक, सर्ब ही सगळी स्लाव्ह मंडळी. त्यांचं स्वतःचं जुनं नाव 'स्लोवेने'. 'स्लोवो' म्हणजे शब्द. ज्यांची बोली कळते ते आपले, असा त्याचा अर्थ पुष्कळजण लावतात. जर्मन माणूस त्यांच्या लेखी 'नेमेत्स', म्हणजे मुका! काही अभ्यासकांना मात्र ही व्युत्पत्ती पटत नाही. त्या नावातला प्रत्यय सहसा स्थळनामांना लागतो, म्हणून ते एखाद्या नदीचं नाव शोधतात.

'स्लोवो' म्हणजे आपलं 'श्रवस्'. महाभारतातला भूरिश्रवा आठवतो ना? मोठ्या कीर्तीचा. यारोस्लावमधला 'स्लाव' त्याच मुळातला. मूळ धातूच्या आरंभी 'क' होता. ग्रीकांनी तो 'क्लेओस' (कीर्ती) या शब्दात राखला, संस्कृतात त्याचा 'श' झाला, स्लाव्ह भाषांत 'स'.

गंमत पुढेच आहे. सहाव्या शतकात बायझंटाईन ग्रीकांची या लोकांशी गाठ पडली. ग्रीकात शब्दाच्या आरंभी 'स्ल' येत नाही, म्हणून त्यांनी मध्ये नवाच 'क' घातला. लॅटिनमध्ये झालं 'स्क्लावुस'. मध्ययुगात ही माणसं पकडून इतकी विकली गेली, की नावाचाच अर्थ 'गुलाम' झाला. इंग्रजी 'स्लेव्ह', फ्रेंच 'एस्क्लाव', पोर्तुगीज 'इश्क्रावु'. लॅटिन 'एक्लेसिया'ची 'इग्रेजा' (आपली इगर्ज) होताना 'ल'चा 'र' झाला, तसाच इथंही.

हाच शब्द घेऊन पोर्तुगीज गोव्यात आले आणि आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना त्यांनी तो लावला. त्या माणसांचा स्लाव्हांशी काडीचा संबंध नव्हता. एका जमातीचं नाव दुसऱ्यांच्या गळ्यातला साखळदंड झालं.

दोन दिवसांनी ते गृहस्थ प्रतिज्ञापत्र घेऊन आले. शिक्का मारण्यापूर्वी मी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच विचारलं, "बघा हां, नाव तुम्ही म्हणता तसंच लिहिलंय ना?"