पाच दिवस आणि नंतरची वर्षे

आमच्या नांदेडकडे घरात लग्न ठरले की बेगम बाजारची एक फेरी ठरलेलीच असते. काचीगुड्याला उतरायचे आणि भांडी, किराणा, सुकामेवा घेऊन परतायचे. निजाम अली खानाच्या बेगमेने ही जागा व्यापाऱ्यांना दिली म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. तेलुगू, दखनी, मारवाडी आणि मराठी तिथे एकाच दुकानात कानी पडतात.

2021 साली पुतणीच्या लग्नाच्या खरेदीला गेलो, तेव्हा अंजिराचा भाव ऐकून वहिनींनी हात मागे घेतला. दुकानदार म्हणाले, "माल उधरसेच बंद है, बाई." 15 ऑगस्टला काबूल तालिबानच्या हाती गेले होते.

वाचकहो, वीस वर्षे बाहेरची मोठमोठी राष्ट्रे तिथे शांतता नांदावी म्हणून बसली होती. आपल्या देशानेही हातभार लावला. झरंज ते देलाराम हा 218 किलोमीटरचा रस्ता बांधला, हेरात प्रांतात सलमा धरण पूर्ण केले आणि काबूलला संसद भवन उभारून दिले. धरण आहे, रस्ता आहे, संसदेची इमारतही आहे. संसद मात्र नाही. 29 फेब्रुवारी 2020 रोजी दोह्यात अमेरिकेने तालिबानशी करार केला, तेव्हा त्या करारात अफगाण सरकारला जागाच नव्हती. ज्यांचे घर, त्यांनाच बैठकीबाहेर ठेवले तर ते घर कसे टिकावे?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. आमचे मूळ गाव पैनगंगेच्या अलीकडचे. रजाकारांच्या काळात आजी-आजोबा लेकरांना घेऊन रात्री नदी ओलांडून उमरखेडकडे गेले. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. भारताला बाहेरची सत्ता म्हणणे आमच्या घरात कुणालाच रुचले नसते. पण निजामाने सुरक्षा परिषदेत तशीच तक्रार केली होती. परिषदेने ती 16 सप्टेंबरला विचारात घेतली आणि दुसऱ्या दिवशी सारे संपले.

मुक्तिदिनाची ही गोष्ट आजी मोठ्याने सांगायची. दुसरी गोष्ट ती हळू आवाजात सांगे. गावी परतल्यावर शेजारच्या अत्तारांचे घर उघडे पडलेले दिसले. आजोबांच्या गैरहजेरीत त्यांच्या गायीला चारापाणी करणारे ते कुटुंब कुठे गेले, हे कुणी सांगेना. आजोबा पुढे जेव्हा जेव्हा बेगम बाजारला जात, तेव्हा आसपासच्या अत्तरवाल्यांकडे त्यांची चौकशी करीत. ते शेवटपर्यंत सापडले नाहीत.

नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाहणीसाठी पाठवली होती. पोलीस कारवाईच्या काळात व नंतर 27 ते 40 हजार लोक मारले गेले असावेत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत आपले नांदेड आणि उस्मानाबादही होते. रजाकारांनी केलेले अत्याचार समितीने नाकारले नाहीत, आणि कित्येक हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवले हेही नोंदवले. हा अहवाल मात्र कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

तरीही इथे राज्य कोसळले नाही, याला कारणे आहेत. आधी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचा लष्करी कारभार आला, मग वेल्लोडींचा मुलकी कारभार. 1952 साली निवडणूक होऊन बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. निजामाचा हाली शिक्काही एका रात्रीत रद्द केला नाही. काही वर्षे दोन्ही रुपये चालले. बाजारातल्या छोट्या माणसाला या गोष्टीचे मोल कळते. फौजेला पाच दिवस लागले, पण राज्य लोकांच्या हाती जायला साडेतीन वर्षे लागली.

म्हणून मला वाटते, बाहेरून येणाऱ्याने जुलूम थांबवावा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गावात कोण असणार, हे आधी ठरवावे. बैठकीत घरच्या माणसांना बसवावे. आणि दोन्हीकडचे दुःख लिहून ठेवावे. यातली शेवटची गोष्ट आपल्याकडे राहून गेली आहे. ती करायला कुठली फौज लागत नाही. 17 सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर आपापल्या घरातल्या जुन्या माणसांना जवळ बसवून विचारावे. मोठ्याने सांगितलेली गोष्ट मुलांना ठाऊक असते. हळू आवाजातली गोष्टही त्यांना कळली पाहिजे.