लाडवात खसखस नको! लेकीच्या बाळंतपणाला सिंगापूरला जाताना

पूर्वी पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी यायची. आता आईच पासपोर्ट काढते आणि लेकीकडे जाते. परदेशात नोकरी करणाऱ्या मुलीचे डॉक्टर, इस्पितळ, रजा, विमा सगळे तिथेच ठरलेले असते. सातव्या महिन्यात तिने विमानात बसण्यापेक्षा आईने बसणे सोपे, असे दोन्ही घरांत ठरते. सोपे म्हणायचे ते लेकीच्या दृष्टीने. आईच्या दृष्टीने पाहिले, तर ज्या बाईने आयुष्यात एकटीने पुण्याची गाडी पकडलेली नसते, तिला एकदम दुसऱ्या देशाच्या दारात उभे राहून अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची असतात.

चेन्नईच्या अंबत्तूरमधल्या एका मराठी घरात नेमके हेच घडत होते. अंबत्तूर म्हटले की तिथली १९६४ साली सुरू झालेली औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर येते. पण हे घर कारखान्यातले नव्हे, गलाईवाल्यांचे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली, त्यांतलेच हे एक. काकांचे दुकान साहुकारपेठेत. काकू साठीच्या पुढच्या. तीस वर्षे तामिळनाडूत राहिल्याने तामिळ अस्खलित, मराठी अजून विट्याचीच आणि इंग्रजी मात्र बेताचे. काकांना दुकान सोडवेना, म्हणून काकू एकट्याच निघाल्या होत्या. लेकीची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. काकूंना विमानतळावरून परत फिरावे लागले असते, तर तिथे लेकीजवळ जावयाशिवाय दुसरे कोणीही नव्हते.

तयारीला सुरुवात अर्थातच लाडवांनी झाली. डिंक तळला, खारीक कुटली, खोबरे किसले आणि खसखस भाजायला घेतली. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, लाडवात खसखस घालू नकोस हं."

"अगं, खसखशीशिवाय डिंकाचा लाडू कसा होईल? बाळंतिणीला झोप नको का लागायला?"

"इथे खसखस आणायला बंदी आहे. अगदी चिमूटभरसुद्धा आणू नकोस."

काकूंना ती थट्टा वाटली. पण लेकीचे बरोबर होते. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. त्यात मॉर्फिनचा अंश राहू शकतो, म्हणून सिंगापूरच्या अमली पदार्थविरोधी खात्याने ती निषिद्ध वस्तूंत धरली आहे. संयुक्त अरब अमिरातीतही खसखस चालत नाही. सिंगापूरचे अमली पदार्थांचे कायदे जगातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी आहेत. मोठ्या प्रमाणातल्या तस्करीला तिथे फाशी आहे. लाडवातल्या खसखशीला कोणी फासावर चढवणार नाही हे खरे, पण कस्टम्सच्या टेबलावर लाडू फोडून दाखवत बसायची वेळ कोणत्या आईला हवी आहे? दिवाळीत मुलांना अनारसे पाठवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. काकूंनी खसखशीऐवजी तीळ घातले. चव थोडी वेगळी झाली इतकेच.

खोबऱ्याचीही एक गोष्ट आहे. खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या सामानात बांधून द्यायचा मोह आपल्याकडे फार. पण सुक्या खोबऱ्यात तेल पुष्कळ असते, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. म्हणूनच २०२२ साली भारताच्या विमान सुरक्षा खात्याने चेक-इन सामानात ते नेण्यास मनाई केली. वाट्या घरीच ठेवाव्यात. सिंगापूरच्या लिटल इंडिया भागात खोबरे, गूळ, हिंग, सारे काही मिळते. आयांना हे पटत नाही, हा भाग वेगळा.

आता थोडा नाजूक विषय. गावाकडच्या अनेक बायकांना मिश्री लावायची सवय असते. ती सवय वाईटच, पण साठीत ती एकाएकी सुटत नाही आणि मुलीला सांगवतही नाही. मग डबी हळूच पदराआड पर्समध्ये जाते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. सिंगापूरमध्ये गुटखा, खैनी, जर्दा आणि तपकीर यांच्यावर २०१६ पासून पूर्ण बंदी आहे. सिगारेटवर तर एका पाकिटाचीही करसवलत नाही. ई-सिगारेट बाळगणे हासुद्धा गुन्हा आहे. च्युइंगमवरची १९९२ सालची बंदी सगळ्यांना ठाऊक असते, पण च्युइंगम खाणाऱ्या आज्या आपल्याकडे किती? मिश्रीच्या डबीचे मात्र कोणी सांगत नाही.

औषधांच्या बाबतीत काकूंचे काम सरळ होते. रक्तदाब आणि साखरेच्या नेहमीच्या गोळ्या तीन महिने पुरतील इतक्या नेता येतात. गोळ्या मूळ पाकिटातच असाव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची कंपनीची नावे तिकडे कोणाला कळत नाहीत. मात्र कोडीन असलेले खोकल्याचे औषध, झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक अशा काही गोळ्या यांना तिथल्या आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी लागते. ती निदान दोन-तीन आठवडे आधी मागावी. भांगेचा अंश असलेली आयुर्वेदिक औषधे तर नेऊच नयेत.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो नावाने. तामिळनाडूत आडनाव लावण्याची पद्धत फारशी नाही. नावाआधी वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचे आद्याक्षर येते. त्यामुळे तिथला फॉर्म भरणारा मराठी बाईचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव या त्रिकुटापुढे गोंधळतो. काकूंच्या पासपोर्टवर तिन्ही नावे होती, पण जावयाने काढलेल्या तिकिटावर मधले नाव गळले होते. जावयाने विमान कंपनीला फोन करून ते घालून घेतले. तिकीट, व्हिसा आणि आगमनपत्र, तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर सारखे हवे. पासपोर्टची मुदतही प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक असावी लागते.

भारतीयांना सिंगापूरसाठी व्हिसा लागतो. तो आधी काढावा लागतो, विमानतळावर उतरल्यावर मिळत नाही. चेन्नईत सिंगापूरची वकिलात आहे, पण अर्ज अधिकृत एजंटांमार्फत जातात. त्यासाठी १४ए क्रमांकाचा फॉर्म भरतात आणि मुलगी-जावई तिथे राहत असतील तर त्यांच्याकडून व्ही३९ए हे ओळखपत्र जोडतात. शिवाय सिंगापूरला पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत 'एसजी अरायव्हल कार्ड' इंटरनेटवर भरावे लागते. हे कार्ड फुकट असते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या बनावट साइट पुष्कळ आहेत, तेव्हा फॉर्म तिथल्या इमिग्रेशन खात्याच्याच साइटवर भरावा. पिवळ्या तापाची लस भारतातून थेट जाणाऱ्याला लागत नाही. केनियासारख्या आफ्रिकी देशांत मुलीकडे जाणाऱ्या आयांची गोष्ट निराळी. त्यांना ती लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, नाही तर परत येताना आपल्याच देशात सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. चेन्नईत ही लस गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये मिळते. साठीच्या पुढे ती घेण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे.

अंबत्तूरहून मीनंबाक्कमला जायला लोकलने सेंट्रल आणि तिथून मेट्रो असा मार्ग आहे. विमानतळाच्या दाराशीच मेट्रो थांबते. पण दोन बॅगा आणि लाडवांचा डबा घेऊन हे जमण्यासारखे नाही. काकू टॅक्सीने कोयंबेडू, कत्तिपारा या रस्त्याने गेल्या आणि विमानाच्या तीन तास आधी पोहोचल्या. निरोप बाहेरच घ्यावा लागतो, कारण तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवून ठेवली होती. ती केवळ चालता न येणाऱ्यांसाठी असते असा समज आहे. गुडघे दुखणाऱ्या, भाषेला बिचकणाऱ्या बाईला खुर्चीपेक्षा खुर्ची ढकलणाऱ्या माणसाचा आधार मोठा वाटतो. तूप आणि लोणचे मोठ्या बॅगेत गेले. हातातल्या सामानात १०० मिलिलीटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. फोनची पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या बॅगेतच हवी. रांगेत एका अनोळखी बाईने "माझी एवढी पिशवी तुमच्यात घ्याल का?" असे विचारले. काकूंनी गोड शब्दांत नाही म्हटले. अशा वेळी भीड मुळीच ठेवू नये.

गलाईवाल्याच्या घरची बाई म्हटल्यावर पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्र अंगावर असणारच. काकांनी मुद्दाम लवकर जायला सांगितले ते यासाठी. जाताना कस्टम्सच्या अधिकाऱ्याला दागिने दाखवून त्यांचे 'एक्सपोर्ट सर्टिफिकेट' घेता येते. त्यावर दागिन्यांचे वर्णन आणि वजन असते. परत येताना "हे सोने तिकडून आणले का?" असा प्रश्न आला तर हा कागद पुढे करता येतो. सोन्याचे बिल किंवा मूल्यांकन बरोबर असले की काम लवकर होते. खरे तर जितके कमी घालून जाल तितके बरे, पण लेकीच्या सासरची माणसे भेटणार असताना हे कोणाला सांगावे!

चांगी विमानतळावर काकूंना ज्याची भीती होती ते फार सोपे निघाले. तामिळ ही सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांपैकी एक. अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारले तेव्हा काकू गोंधळल्या, मग त्यांनी सरळ तामिळमध्ये उत्तर दिले. शेजारच्या टेबलावरचा तामिळ अधिकारी हसत पुढे आला. कशासाठी आलात, कुठे राहणार, परतीचे तिकीट आहे का, इतकेच त्याने विचारले. लेकीचा पत्ता आणि फोन एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. "मुलीचे बाळंतपण आहे," हे खरे ते सांगितले. खोटे काही सांगू नये, आणि नोकरी किंवा काम हा शब्द तर चुकूनही उच्चारू नये.

इथे एक गोष्ट फार जणींना माहीत नसते. एप्रिल २०२२ पासून सिंगापुरात पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. किती दिवस राहण्याची परवानगी आहे ते ई-मेलवर कळवतात. व्हिसावरची तारीख आणि ही मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईचा ई-मेल नसतो, म्हणून जावयाचा दिलेला असतो, आणि जावई रात्री-अपरात्री इस्पितळाच्या धावपळीत असतो. काकूंना तीस दिवस मिळाले होते आणि त्या निघाल्या होत्या दोन महिन्यांसाठी. लेकीने बाळंतपणाच्या आधीच पत्र उघडून पाहिले, म्हणून मुदत वाढवण्याचा अर्ज वेळेत गेला. मुदत उलटून राहिल्यास दंड किंवा तुरुंग होऊ शकतो, आणि पुढच्या वेळी नातवंडाच्या वाढदिवसाला व्हिसा मिळणे कठीण होते.

परतीची तारीख ठरवताना काकांनी कॅलेंडर पाहून डिसेंबरचा पहिला पंधरवडा टाळायला सांगितले. चेन्नईत खरा पाऊस त्याच सुमारास येतो. २०१५ च्या डिसेंबरमध्ये मीनंबाक्कमची धावपट्टी पाण्याखाली जाऊन विमानतळ काही दिवस बंद होता आणि ४ डिसेंबर २०२३ ला मिचाँग चक्रीवादळातही तो बंद ठेवावा लागला. त्या दोन्ही वेळी अंबत्तूरच्या गल्ल्यांतही पाणी शिरले होते. काकूंचे परतीचे तिकीट जानेवारीचे निघाले, पोंगलच्या आदल्या आठवड्याचे.