तागडीची नीती

रेवदंड्याच्या बाजारपेठेत तीन पिढ्या वाणसामानाचे दुकान चालविणाऱ्या घराण्यात वाढल्यामुळे मला एवढे उमगले आहे, की व्यापाऱ्याची नीती काळागणिक आपले ठाणे बदलते.

आजोबांच्या अमदानीत ती मापात वसत असे. पायलीने तांदूळ मोजताना पहिल्या मापास ‘लाभ’ म्हणण्याचा शिरस्ता होता, आणि शीग न भरता माप ओतणाऱ्या दुकानदारास आजोबा चोराहून हीन समजत; मात्र तोच जिन्नस ओळखीच्या बागायतदारास एका भावाने आणि मोळी विकून आलेल्या कातकऱ्यास दुसऱ्या भावाने देताना त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीस तिळमात्र बोच लागत नसे, कारण गिऱ्हाईक पाहून भाव सांगणे हे त्या काळी व्यवहारचातुर्यात जमा होई.

पुढे 1956 च्या कायद्याने 80 तोळ्यांच्या शेराची मुदत भरली. शेर किलोहून सुमारे 67 ग्रॅमने उणा. तेव्हा जुने वजन पारड्यात टाकून किलोचे दाम घेण्याचा मोह ज्यांना झाला नसेल त्यांना दंडवतच घालावा! वडिलांनी शेर-अदशेर माळ्यावर टाकले, आणि ही तफावत गिऱ्हाइकांना समजावण्यात त्यांच्या कैक दुपारी खर्ची पडल्या.

1977 चे आवेष्टित वस्तूंचे नियम आणि 1990 पासून वेष्टनावर सक्तीने छापली जाणारी सर्व करांसह कमाल किंमत यांनी चेहरा पाहून भाव सांगण्याची कला बहुतांशी संपुष्टात आणली. कातकऱ्यास आणि कारखानदारास साबणाची वडी आता एकाच दामास मिळते. आजोबांना हा बावळटपणा वाटला असता, मला तो त्यांच्या शिगोशीग मापाहूनही थोर वाटतो.

परंतु माप आणि मोल दोन्ही छापील झाल्यावर लबाडीने जिनसाच्या जन्मस्थानाकडे मोर्चा वळविला. भातकापणीनंतर कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांच्या शेतांत होणारा अलिबागचा गोडसर पांढरा कांदा माळा बांधून विकतात, त्यास भौगोलिक मानांकनही लाभले आहे. आणि त्याच्याच नावाने घाटावरचा पांढरा कांदा माळेत गुंफला, तर मुंबईकर पर्यटकास तो ओळखणे दुरापास्त. तेथे वजन चोख असते, भाव सर्वांस समान असतो, आणि फसवणूक मात्र पुरेपूर असते. आजोबांना उद्या पुन्हा दारात उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाचा धाक होता. रस्त्यावरच्या विक्रेत्यास तो कोठून असणार?

म्हणून वडखळच्या नाक्यावर गाडी थांबविणाऱ्या वाचकास विनंती, की भाव करण्याआधी कांद्याचे गाव विचारावे, आणि सवड असल्यास त्या गावी जाऊन शेतकऱ्याच्या अंगणातूनच माळ घ्यावी.