स्लॅबची तारीख फोनवर, मजुराची हजेरी कुठे?

पूर्वी घर बांधायला काढलेला माणूस ठेकेदाराच्या दारात चकरा मारायचा. आता व्हॉट्सॲप ग्रुप असतो. आमच्या जोहे-हमरापूर भागात मालक, ठेकेदार, सेंटरिंगवाला, फिटर, प्लंबर, वायरमन सगळे एकाच ग्रुपवर. रात्री मेसेज पडतो: उद्या सळई, परवा पाईप, शुक्रवारी स्लॅब.

मी याच्या विरोधात नाही. स्लॅबआधी वायरमनचे पाईप पडले नाहीत तर नंतर काँक्रीट फोडत बसावं लागतं. त्यात आमच्याकडे गणपतीआधीचे महिने मूर्तींच्या कारखान्यांनाच हात कमी पडतात. बांधकामाला कोण मोकळा आहे, हे फोनमुळेच कळतं.

सगळंच मेसेजने पुढे सरकत नाही म्हणा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस, असं आयएस ४५६ सांगतं. मालकाने ग्रुपवर चारदा विचारलं म्हणून सिमेंट लवकर घट्ट होत नाही.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. या ग्रुपमध्ये बिगारी नसतो. त्याला मुकादम फोन करतो. बायकांना तर निरोप नवऱ्याच्या नाहीतर शेजारणीच्या फोनवर. रेती आली नाही, पाऊस आला, की सकाळी सातला 'आज नको'. तोवर तिने डबा भरलेला असतो. त्या दिवसाचा रोज कोणी देत नाही.

आता पुढचं बघा. १९९६ च्या केंद्रीय कायद्याखाली स्थापन झालेलं बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ राज्यात आहे. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत मिळते. पण नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. दाखला मागायला गेलं की ठेकेदार म्हणतो, 'माझ्याकडे नव्वद कुठे भरले?' बरोबरच आहे. तीस एकाकडे, वीस दुसऱ्याकडे, चाळीस तिसऱ्याच गावात. दिवस भरलेत, पण लिहिलेत कोणी? आणि त्याच ठेकेदाराच्या फोनमध्ये तारखेनिशी सगळं पडलेलं असतं: कुठला स्लॅब कधी, माणसं किती, पैसे कोणाला पाठवले.

म्हणून घर बांधणाऱ्यांना सांगणं आहे. रोज संध्याकाळी कामावर आलेल्यांची नावं त्याच ग्रुपवर टाकायला लावा. 'आठ माणसं' नको, नावं हवीत. महिनाअखेरीला ती कागदावर उतरवा, ठेकेदाराची सही घ्या आणि प्रत्येकाच्या हातात एक प्रत द्या. नुसत्या कागदावर नोंदणी होणार नाही, पण दाखला मागताना दाखवायला काहीतरी राहील. झेरॉक्सचा खर्च टाइल्सच्या एका डब्याएवढाही नाही.

ठेकेदार कुरकुरणार. ओळखीच्या एकाला मी हे सुचवलं तर म्हणाला, 'भाऊ, नावं लिहून दिली आणि उद्या त्यांनी अजून काही मागितलं तर?'