तिसरा प्लग काय म्हणतो?

आमच्या घरातली कार्बोरेटरवाली मारुती ८०० विकायची की ठेवायची, हा वाद गेली दोन वर्षं चालू आहे. ती हल्ली सिग्नलवर ‘मिसिंग’ करू लागली, तेव्हा विकण्याच्या बाजूचं पारडं जड झालं. अडचण एकच. बाबा निर्धास्तपणे चालवतात ती हीच गाडी. ती गेली की त्यांचं एकट्यानं राजवाड्यापर्यंत जाणंही थांबणार. ते एवढंच म्हणाले, “आधी प्लग तर बघ.”

८००चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. म्हणजे प्लगही तीनच. दुकानात इरिडियमचे महाग प्लग सुचवले गेले. ते खूप टिकतात हे खरं. पण आमची गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर धावते आणि प्लग काढायला दहा मिनिटं पुरतात. मग साधे निकेलचे काय वाईट?

खरं महत्त्व ‘हीट रेंज’ला. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की काजळी जळून जाते. ८५०च्या पुढे गेलं, तर ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटू शकतं. टोक किती तापेल हे प्लगवरच्या आकड्यावरून कळतं. गंमत अशी, की एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग ‘थंड’, तर बॉशमध्ये ‘गरम’. म्हणून कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवू नये, तक्ता बघावा.

जुने प्लग काढून क्रमानं मांडले. दोन फिकट तपकिरी, म्हणजे ठणठणीत. तिसरा काळा आणि तेलानं ओला. दुकानदार म्हणाले, “भैया, एक नंबर गरम डाल दो, साफ रहेगा.” काही दिवस गाडी सुरळीत चाललीही असती. पण सिलिंडरमध्ये उतरणारं ऑइल उतरतच राहिलं असतं. आमच्या धंद्यात याला अलर्ट बंद करून बग तसाच ठेवणं म्हणतात.

म्हणून मिस्त्रींकडून कॉम्प्रेशन तपासून घेतलं. तिन्ही सिलिंडरचं चांगलं निघालं. म्हणजे रिंगा शाबूत होत्या आणि संशय व्हॉल्व्हच्या सीलवर आला. इंजिन उतरवण्याच्या मानानं हे काम किरकोळ. सील बदलले, मग गाडीच्या पुस्तकात दिलेल्या नंबरचेच साधे प्लग फीलर गेजनं गॅप तपासून बसवले. मिसिंग थांबलं.

घरी वडिलांची किंवा आजोबांची जुनी गाडी असेल, तर ती विकण्याआधी प्लग काढून क्रमानं कागदावर मांडा आणि त्यांचे रंग बघा. निर्णय मग काहीही घ्या, निदान तो गाडीची तब्येत बघून घेतलेला असेल. आमच्याकडे वाद तूर्त मिटलाय. हजार किलोमीटर झाले की तिसरा प्लग पुन्हा काढून बघायचा, असं ठरलंय. ते किलोमीटर मोजायचं काम बाबांनी आपल्याकडे घेतलंय.