दिगरीचं सफरचंद

नार्नियाचे सातही भाग यंदा पुन्हा वाचून काढले. तिसऱ्यांदा. "या वयात परीकथा?" हे घरात ऐकून झालं, पण खुद्द सी. एस. लुईसनेच याची परवानगी देऊन ठेवलीय! १९५० सालचं पहिलं पुस्तक आपल्या धर्मकन्येला अर्पण करताना त्याने लिहिलंय की परीकथा सुटण्याचं एक वय असतं, आणि त्यांच्याकडे परत येण्याचंही.

दहाव्या वर्षी मला त्यात फक्त कपाट दिसलं होतं. आजीच्या शिसवी कपाटाच्या मागच्या फळीवर मी टकटक करत बसायचे, हे चुलतभावंडांना आठवत असेल. ज्या टर्किश डिलाइटपायी एडमंड फितूर होतो, त्या जागी मी मनातल्या मनात माहीमचा हलवा ठेवला होता.

कॉलेजात सुझनवरून भांडणं केली. शेवटच्या भागात (१९५६) ती नार्नियात नाही, कारण काय, तर तिला लिपस्टिक आणि पार्ट्यांत रस! मोठं होण्याची ही शिक्षा? तो राग अजून आहे. पण आता वेगळंच टोचतं. रेल्वे अपघातात तिचे आईवडील आणि तिन्ही भावंडं गेलेली असतात. त्या रात्री तिच्याजवळ कोण होतं, हे कुणीच सांगत नाही.

यंदा मात्र अडकले ती सहाव्या भागात (१९५५). दिगरीची आई अंथरुणाला खिळलेली. त्याच्या हातात जादूचं सफरचंद. चेटकीण म्हणते, पळ, आईला दे, कुणाला कळणारसुद्धा नाही. आणि तो शब्द पाळून ते अस्लानकडे नेतो. लहानपणी वाटलं, शहाणा मुलगा! आता वाटतं, मी तर ओटी भरून सफरचंदं आणली असती.

आईला जाऊन दीड वर्ष झालं. डॉक्टरांनी व्हेंटिलेटरचं विचारलं तेव्हा आम्ही भावंडांनी नको म्हटलं. आईनेच तसं सांगून ठेवलं होतं. तरी तो "नको" रात्री-अपरात्री जागा होतो.

अस्लान दिगरीला सांगतो की चोरलेल्या फळानेही ती बरी झाली असती, पण पुढे एक दिवस दोघांनाही ते नकोसं झालं असतं. त्या पानावर मी बराच वेळ थांबले. त्याआधी, दिगरी आईसाठी मदत मागतो तेव्हा, अस्लान आश्वासन देत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी असतं, बस्स. पुढे दिगरीला सफरचंद मिळतं, आई बरी होते.

लुईसची आई १९०८ साली कॅन्सरने गेली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आईच्या उशाशी ते फळ ठेवायला त्याला सत्तेचाळीस वर्षं लागली.

असो. पुढच्या महिन्यात भाची दहा वर्षांची होतेय. तिला सातही भागांचा संच घेतलाय. नवा. माझा मला लागणार आहे.